तीन रेघांची तुळई : जुन्या सामानातून घरचा बार

शनिवार, ११ जानेवारी २०२५

सामान आलं. पाडायला काढलेल्या एका जुन्या घरातून उचललेल्या सात फुटी दोन सागवानी तुळया, चार बाय पाच इंचाच्या. साडेचार फूट उंचीचा एक खांब, वरच्या अंगाला चौकोनी भोक असलेला. माडीच्या तक्तपोशीच्या नऊ फळ्या आणि दोन दारं. शिवाय एका गोदामानं टाकून दिलेली चार पॅलेट (माल रचायच्या लाकडी चौकटी), गंजलेले तीन पत्रे आणि पाण्याच्या जुन्या लाइनीतला दीड इंची पाइप. सगळं मागच्या खोलीत भिंतीशी रचलं आणि तासभर नुसतं बघत बसलो.

नवं प्लायवूड आणून हाच बार दोन शनिवार-रविवारांत उभा राहिला असता. तसा नको होता. ज्या फळ्यांवरून माणसं वर्षानुवर्षं चालली, त्यांच्यावर ग्लास टेकवायचा आहे. पण जुनं आहे म्हणून सगळंच जपायचं असंही मनात नाही. जिथे वजन येणार, पाणी सांडणार, हात आणि गुडघे घासणार, तिथे लाकूड ठणठणीतच हवं. बाकी ठिकाणी खुणा राहू देत. काय ठेवायचं आणि काय काढायचं, ते एकेका तुकड्यासमोर बसून ठरवायचं.

रविवार, १२ जानेवारी

आज फक्त मापं. बारची उंची ४२ इंच. उभ्या माणसाचं कोपर आरामात टेकतं ते या उंचीला, आणि स्टुलाची बैठक ३० इंचांवर आली की मांडीला वर पुरेशी जागा मिळते. एका माणसाला २४ इंच रुंदी धरली, तिघं बसणार, म्हणून लांब बाजू सहा फूट. कोपऱ्यातून वळून तीन फुटांची आखूड बाजू भिंतीला भिडेल. बसणाऱ्याच्या बाजूला फळी दहा इंच पुढे काढायची, नाहीतर गुडघे चौकटीवर आपटतात. पाय ठेवायचा पाइप जमिनीपासून आठ इंचांवर. आतल्या बाजूला काम करायचा ओटा ३६ इंचांवर, आणि त्याच्यामागे उभं राहायला तीन फूट मोकळी जागा.

कागदावर हे सगळं बसतं. खोलीत बसतं का, ते बघायला जमिनीवर खडूनं आखणी केली आणि खोकी एकावर एक रचून ४२ इंचांपर्यंत नेली. बायको आतल्या बाजूला उभी राहिली, मी बाहेर. तिनं मागे वळून काल्पनिक बाटली काढली आणि कोपर भिंतीला लागलं. आखणी चार इंच पुढे सरकवली. हे खोक्यांवर कळलं ते बरं झालं, लाकूड कापल्यावर कळलं असतं तर उपाय नव्हता.

शनिवार, १८ जानेवारी

निवडानिवड. आधी पॅलेट. प्रत्येकाच्या कडेला छाप असतो, गव्हाच्या ओंबीचं चित्र आणि शेजारी अक्षरं. देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या लाकडी पॅकिंगमधून किडे जाऊ नयेत म्हणून २००२ साली आयएसपीएम १५ हा नियम आला, त्याचा तो छाप. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला सलग ३० मिनिटं तापवलेलं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. चारांपैकी तीन एचटी निघाली. चौथ्यावर छापच नाही आणि मधल्या पट्टीवर कसला तरी तेलकट डाग. ते घरात घेणार नाही, बाहेर ठेवलं.

मग दारं. एकाला निळा ऑइलपेंट, थरावर थर, मगरीच्या पाठीसारखा तडकलेला. दिसायला या ढिगातली सगळ्यात देखणी वस्तू तीच. बायकोनं पहिल्या दिवशीच ते दर्शनी भागासाठी धरून ठेवलं होतं. पण इतक्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तपासणीची कांडी आणली. पात्यानं खाली लाकडापर्यंत एक चीर दिली म्हणजे सगळे थर उघडे पडले, आणि त्यावर कांडी घासली. टोक लाल झालं. शिसं आहे. कोरडं घासलं तर त्याची धूळ घरभर होते, आणि घासलं नाही तरी बारच्या तोंडाशी गुडघे, बूट आणि लहान मुलांचे हात रोज त्या तडकलेल्या रंगाला लागणार. हे दार बारमध्ये नाही. तिला वाईट वाटलं, मलाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळून वेगळं ठेवलं.

दुसरं दार साधं, चार दिल्ह्यांचं (चौकटीत बसवलेल्या चौकोनी फळ्यांचं), तपकिरी. त्याच्या पॉलिशवर स्पिरिटचा बोळा पाच मिनिटं ठेवला, तर पॉलिश चिकट होऊन बोळ्याला लागलं. म्हणजे लाखेचं पॉलिश. हे दार पुढे लागेल.

फळ्यांचा ओलावा मीटरवर १७ टक्के. घर पाडल्यावर त्या उघड्यावर पडल्या होत्या. घरातल्या कामाला १२ च्या खाली यायला हव्यात. मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या देऊन रचल्या, वर वजन ठेवलं. आता थांबायचं.

रविवार, १९ जानेवारी

तीन फळ्यांच्या कडांना बारीक भोकं आहेत. भुंगा. भोकं जुनी आहेत की आत अजून कोणी राहतंय, हे बघायला नुसते डोळे पुरत नाहीत. फळ्या जमिनीवर टोकून सगळी जुनी पूड पाडली आणि त्या तिन्हींच्या खाली काळा कागद अंथरला. कागदाच्या कोपऱ्यावर तारीख लिहिली. किडे जिवंत असतील तर मैद्यासारखी ताजी, फिकी पूड त्यावर पडेल.

शनिवार, २५ जानेवारी

दिवसभर खिळे काढले. मोजले नाहीत, पण एक डबा भरला. जुने मोळे गंजून लाकडात इतके धरून बसलेत की सरळ उपटायला गेलं की डोकं तुटतं. जमलं ते असं: आधी खिळ्याच्या डोक्यावर हातोडीचा एक ठोका, आत जाईल असा. त्यानं गंजाची पकड सुटते. मग मागून टोक सरळ करून उलट ठोकायचं आणि डोकं वर आलं की पक्कड. पहारीखाली पातळ फळीचा तुकडा ठेवायचा, नाहीतर तिचा वळ लाकडावर कायमचा उठतो.

खिळे निघाले तिथे प्रत्येक भोकाभोवती काळं वर्तुळ आहे. लोखंड, ओल आणि लाकडातलं टॅनिन यांचा मिळून झालेला हा डाग. ऑक्झॅलिक ॲसिडनं फिका होतो. मी ठेवणार आहे. फळीवर ठरावीक अंतरानं या काळ्या ठिपक्यांच्या ओळी आहेत, खाली आडव्या कड्या कुठे होत्या ते त्यावरून कळतं.

संध्याकाळी तुळया तारेच्या ब्रशनं झाडत होतो. काजळी आणि कोळिष्टकांचा थर निघाला आणि एका तुळईच्या टोकाशी, खांबात शिरणाऱ्या जिभेच्या जरा मागे, पटाशीनं मारलेल्या तीन रेघा दिसल्या. बोटभर लांब, शेजारी शेजारी. खांबाचं डोकं धुतलं. भोकाच्या बाजूला तशाच तीन रेघा.

जुने सुतार सांधे जमिनीवर जुळवून बघत, प्रत्येक जोडीवर एकच खूण करत, आणि मग घर उभं करताना खुणेला खूण भिडवत. म्हणजे हा खांब आणि ही तुळई एकाच सांध्यातली. आणलेल्या ढिगात ती दोघं शेजारी पडली होती आणि मला दोन आठवडे पत्ता नव्हता. दुसऱ्या तुळईवर चार रेघा आहेत. तिचा खांब आपल्याकडे नाही.

रात्री आराखडा बदलला. तीन रेघांची तुळई कापून पाय करायचे होते. आता ती लांब बाजूची वरची आडवी होईल, आणि खांब कोपऱ्यात उभा राहील. चार रेघांच्या तुळईचे दोन पाय निघतील, ३९ इंचांचे. वर दोन इंचाच्या आडव्या पट्ट्या आणि इंचभर फळी मिळून ४२ होतात.

रविवार, २ फेब्रुवारी

शेजारच्या गल्लीतले काका आले. सगळं आयुष्य सुतारकामात गेलेलं, आता हात थरथरतो म्हणून काम सोडलंय. खांबाशी खाली बसले, भोकात बोट घालून आतून चाचपलं, मग तुळईची जीभ हातानं पुसली.

“खुंटीची भोकं बघितलीस?” म्हणाले.

“बघितली. पण एका रेषेत नाहीत, काका. मला वाटतं लाकूड आकसलंय.”

“आकसलेलं नाही. मुद्दाम केलंय. मोजून बघ, जिभेतलं भोक किती सरकलंय ते.”

मोजलं. खांबातल्या भोकापेक्षा जिभेतलं भोक खांद्याकडे, म्हणजे जीभ जिथून सुरू होते त्या काठाकडे, दोन मिलिमीटर सरकलेलं. काकांनी समजावलं: सांधा बसवून खुंटी ठोकली की तिला सरळ जाता येत नाही, ती जिभेला आत ओढते आणि तुळईचा खांदा खांबावर घट्ट दाबून बसतो. ना डिंक, ना लोखंड. खुंटी मात्र लाकडाच्या उभ्या रेषेवर चिरलेली, पक्की वाळलेली आणि टोकाला निमुळती हवी. करवतीनं कापलेल्या खुंटीत रेषा तुटतात, ती मधेच मोडते.

जाताना म्हणाले, “नवीन भोक पाडू नकोस. त्यानं पाडलेलंच वापर.”

शनिवार, ८ फेब्रुवारी

काळा कागद उचलला, वीस दिवसांनी. दोन फळ्यांखाली काही नाही. तिसरीखाली पिठाची छोटी रांगोळी. बोटांत चोळली, टाल्कम पावडरसारखी मऊ. त्या फळीची एक कड फिकी आहे, बाहेरच्या कच्च्या लाकडाची. या भुंग्याला स्टार्च असलेलं तेच लाकूड लागतं. फिकी कड पूर्ण तासून काढली आणि लगेच बाहेर नेली.

उरलेल्या सगळ्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं गरम पाण्यातलं द्रावण ब्रशनं दोनदा पाजलं. हे उघड्या लाकडातच मुरतं, पॉलिशवरून लावलं तर वाया. म्हणून दाराच्या फक्त मागच्या बाजूला दिलं, तिथे पॉलिश नाही. हातमोजे घातले होते.

द्रावण द्यायच्या आधी फळ्यांचा ओलावा मोजला होता, १३. पुन्हा पट्ट्या घालून रचल्या.

रविवार, १६ फेब्रुवारी

आजचा दिवस वाईट. ओलावा पुन्हा खाली आल्यावर फळ्यांवर मशीनचा रंधा फिरवायला घेतला. खिळे सगळे काढलेत ही खात्री होती, तरी लोहचुंबक दोरीला बांधून प्रत्येक फळीवरून फिरवला होता. चौथ्या फळीत मशीन एकदम किंचाळलं. वरचं डोकं कधीच गळून गेलेल्या खिळ्याचा तुकडा, पृष्ठभागाखाली तीनेक मिलिमीटर. चुंबक इतक्या आतला बारीक तुकडा पकडत नाही. दोन्ही पात्यांना खाच पडली आणि पुढच्या प्रत्येक फळीवर त्या खाचेची उभी रेघ उमटणार हे उघड होतं.

थांबलो. भिंतीतल्या तारा आणि सळया शोधायचं यंत्र मित्राकडून आणलं, त्यानं आणखी दोन तुकडे दाखवले, दोन्ही काळ्या वर्तुळांच्या बरोबर मधे. म्हणजे जागा लाकडानं आधीच सांगितली होती. ज्या वर्तुळात भोक दिसत नाही, तिथे खिळा आतच आहे. एवढं लक्षात ठेवलं असतं तर यंत्राची गरज नव्हती.

बाकी फळ्या हातरंध्यानं केल्या. एका परीनं हेच बरं झालं. मशीननं सगळा वरचा थर गेला असता. हातरंध्यानं उंचवटे तेवढे गेले, आणि पावलांनी झिजून पडलेले उथळ खळगे राहिले. सरळ बघितलं तर दिसत नाहीत, कडेनं उजेड आला की फळी हलक्या लाटांसारखी दिसते. ग्लास डुगडुगत नाही ना, ते प्रत्येक खळग्यात ठेवून बघितलं. दोन ठिकाणी डुगडुगला, तिथे अजून तासलं.

एक लक्षात ठेवायचं: एका बाजूनंच जास्त काढलं की दुसऱ्या दिवशी फळी पन्हळीसारखी वाकते. दोन्ही बाजूंनी सारखं काढायचं, आणि उभी ठेवायची म्हणजे हवा दोन्हीकडून लागते.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सांधा जोडला.

मागची चौकट, पॅलेटच्या जाड पट्ट्यांची, आठवड्यात संध्याकाळी करून झाली होती. त्यात लिहिण्यासारखं काही नाही, ती दिसणारही नाही. आज खांब कोपऱ्यात उभा केला, ओळंबा लावला. खालचा कुजका भाग कापून तो ३९ इंचांवर आणला होता, वरचं डोकं तसंच. खुंट्या बाभळीसारख्या कठीण, वाळल्या लाकडाच्या, कुऱ्हाडीनं चिरून, चाकूनं गोल करून घेतलेल्या.

काका खुर्ची घेऊन बसले होते. तुळई दोघांनी उचलली, मी आणि बायकोनं. जीभ भोकात शिरताना लाकडावर लाकूड घासल्याचा कोरडा आवाज आला आणि अर्ध्या इंचावर अडकली. मी हातोडी उचलली तशी काका म्हणाले, “थांब. उलटी धरलीयस. रेघा एकाच बाजूला हव्यात.” तुळई बाहेर काढली, फिरवली, परत घातली. या वेळी हातानंच आत गेली, खांद्यापर्यंत. रेघांशेजारी रेघा आल्या.

खुंटी ठोकायला मी काकांच्या हातात लाकडी हातोडा दिला. त्यांनी पहिले तीन ठोके मारले आणि मला दिला. प्रत्येक ठोक्याला आवाज बदलत जातो, आधी पोकळ, मग भरीव. शेवटच्या दोन ठोक्यांत तुळईचा खांदा आणि खांब यांच्यातली केसाएवढी फट मिटताना डोळ्यांनी दिसली. कागदाचा कपटा आत जाईना. खुंटीचं टोक पलीकडून अर्धा इंच बाहेर आलंय, ते कापलं नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

वरची फळी. ओलावा ११ टक्के. लांब बाजूला साडेसात इंचाच्या तीन फळ्या जोडून साडेबावीस इंच रुंदी झाली. साग तेलकट असतो, डिंक धरत नाही, म्हणून जोडायच्या कडा डिंक लावायच्या ऐन आधी ॲसिटोननं पुसल्या. मग फेविकॉल, चार शिकंजे, दोन वरून आणि दोन खालून, म्हणजे फळी वाकत नाही.

ही फळी चौकटीवर स्क्रूनं आवळून टाकायची नाही. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. साग हिरव्या लाकडापासून पूर्ण सुकेपर्यंत वर्षवलयांच्या दिशेनं ५.३ टक्के आकसतो, त्याला काटकोनात २.६ टक्के. आपल्या फळीचा ओलावा वर्षभरात चार टक्क्यांनी जरी खालीवर झाला, तरी साडेबावीस इंचांत सुमारे ४ मिलिमीटरचा फरक पडू शकतो. ते अडवलं तर फळी चिरते. म्हणून आडव्या पट्ट्यांमध्ये मधलं भोक गोल आणि पुढची-मागची भोकं लांबट केली. मधे घट्ट, दोन्ही कडांना हलायला मोकळं.

कोपऱ्यात दोन्ही फळ्यांना ४५ अंशांत कापून जोडायचा मोह होता, दिसायला तेच छान. पण रुंदी बदलली की असा तिरका सांधा आतून नाहीतर बाहेरून उघडतो. साधा भिडवला, आखूड बाजूची फळी लांब बाजूच्या कडेला.

शनिवार, १ मार्च

मधल्या फळीत दोन फूट लांब चीर आहे. ती पुढे सरकू नये म्हणून फुलपाखराच्या आकाराच्या दोन लाकडी किल्ल्या आडव्या बसवल्या. त्यांचं लाकूड निळ्या दाराच्या मागच्या पट्टीचं, रंग न लागलेल्या भागाचं. बायकोला सांगितलं नव्हतं. तिनं बघितल्याबरोबर ओळखलं.

मग चीर आणि खिळ्यांची भोकं इपॉक्सीनं (दोन द्रव मिसळले की कडक होणाऱ्या राळेनं) भरली, थोडी काळी पूड घालून. प्रमाण वजनानं आहे की मापानं, हे डब्यावर नीट वाचून घेतलं. खालून चिकटपट्टी लावली. सकाळी नऊला ओतलं, छान आरशासारखं बसलं. अकराला खिडकीतून ऊन फळीवर आलं आणि चिरेतून बुडबुडे यायला लागले. गरम हवेनं फोडले, पुन्हा आले. दुपारपर्यंत ते बुडबुड्यांसकट कडक झालं.

कारण रात्री वाचून काढलं. लाकडात हवा असते. तापमान चढतं तशी ती फुगते आणि बाहेर येते, इपॉक्सी ओलं असेल तर त्यातूनच. तापमान उतरत असताना भरलं तर हवा आकसते आणि इपॉक्सी आत ओढून घेते. म्हणून संध्याकाळी भरायचं. आणि आधी एक पातळ हात देऊन लाकडाची तोंडं बंद करायची, त्यावर मुख्य भराव.

बुधवार, ५ मार्च

बुडबुड्यांचा भाग पटाशीनं आणि बारीक ड्रिलनं उकरून काढला. संध्याकाळी सहाला पातळ हात, तो चिकट असतानाच साडेनऊला भराव. रात्री अकराला टॉर्च घेऊन बघितलं, एकही बुडबुडा नाही.

रविवार, ९ मार्च

दर्शनी भाग झाला. तपकिरी दार आडवं करून लांब बाजूला, दिल्हे तसेच. आखूड बाजूला पत्रे. तारेच्या ब्रशनं सुटा गंज काढला, पुसला, मॅट क्लिअरचे (बिनचमकीच्या पारदर्शक लेपाचे) दोन हात, म्हणजे कपड्यांना गंज लागणार नाही. पत्र्याच्या कापलेल्या कडा मागे दुमडून लाकडी पट्टीखाली घेतल्या.

पाइपाला वेल्डिंग करायचं नाही हे आधीच ठरलं होतं. जस्ताचा मुलामा तापला की त्याचा धूर निघतो आणि तो छातीत गेला की थंडीताप भरतो. आटे पाडून फ्लँज (पाइप धरून ठेवणाऱ्या चकत्या) लावल्या, दर दोन फुटांवर एक आधार.

शनिवार, १५ मार्च

पॉलिशवरून घरात चर्चा झाली. बायकोला वरच्या फळीलाही दारासारखं लाखेचं पॉलिश हवं होतं. त्याची ऊब दुसऱ्या कशाला नाही, हे मलाही पटतं. पण लाख मद्यार्कात विरघळते, पॉलिशवाले ती स्पिरिटमध्येच विरघळवून लावतात. एका तुकड्यावर लाख, एकावर पॉलियुरेथेन हे कडक होणारं वार्निश लावून चार दिवस वाळू दिलं होतं. दोन्हींवर आज व्हिस्कीचे चार थेंब टाकले आणि अर्धा तास थांबलो. लाखेवर पांढरं, चिकट कडं उठलं. पॉलियुरेथेनवर काही नाही, पुसलं की गेलं. तिनं कड्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, “दाराला राहू दे, वर नको.”

फळीला दोन्ही बाजूंनी पॉलियुरेथेनचे पातळ चार हात, मधे मधे ३२० नंबरचा पॉलिश पेपर. खालची बाजू कोरी ठेवली तर ओलावा एकाच अंगानं शिरतो आणि फळी वाकते. तुळई आणि खांबाला फक्त जवसाचं तेल. तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकायच्या नाहीत, सुकताना त्या आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर एकेक पसरून वाळवल्या, मगच टाकल्या.

रविवार, २३ मार्च

मागची फडताळं, पॅलेटच्या फळ्यांची. ७५० मिलिलिटरची भरलेली काचेची बाटली सव्वा किलोच्या आसपास जाते. तीन फुटांच्या फळीवर अकरा बसतात, म्हणजे चौदा किलो कायमचे. पॅलेटची पातळ फळी वर्षभरात झोका घेईल. जाडी दुप्पट केली तर वाकणं आठपट कमी होतं, पण मधोमध एक आधार देऊन अंतर निम्मं केलं तर सोळापट. आधार दिला. पुढे अर्ध्या इंचाची पट्टी, बाटली सरकू नये म्हणून.

वाइनसाठी खाली आडवे कप्पे केले, बूच ओलं राहायला हवं. कडक दारूच्या बाटल्या उभ्याच, तिथे मद्यार्क बूच खातो. खिडकीचं ऊन जिथपर्यंत येतं त्या भिंतीवर काहीच लावलं नाही.

वरची फळी चौकटीवर बसवली. पुढच्या कडेवर दोन्ही हातांनी भार टाकून बघितला. बार किंचित कलला, दहा इंच बाहेर आलेली फळी तरफेसारखं काम करते. आखूड बाजू भिंतीला दोन लोखंडी कोनांनी धरली. आता हलत नाही.

शनिवार, १९ एप्रिल

पॉलियुरेथेन काही तासांत वाळतं, पण पूर्ण कडक व्हायला महिना घेतं. तो महिना पाळला, फळीवर काही ठेवलं नाही. आज मीटर १० टक्के. सांध्यातली फट अजून कागदालाही वाट देत नाही.

संध्याकाळी काकांना बोलावलं. ते मधल्या स्टुलावर बसले, पाय पाइपावर. ग्लास समोर होता पण त्यांचा हात फळीखालून कोपऱ्यातल्या खांबाकडे गेला आणि अंगठा रेघांवरून फिरत राहिला. बराच वेळ गेल्यावर विचारलं, “चार रेघांचा खांब कुठे गेला?”

मी विचारून आलो होतो. त्या घराचे बाकीचे खांब त्याच आठवड्यात वेगवेगळ्या लोकांनी नेले, कोणी नेले याची नोंद नाही. चार रेघांच्या तुळईतून दोन पाय काढल्यावर सहा इंचाचा तुकडा उरला होता, जिभेसकट, आणि रेघा त्याच्यावरच आल्या होत्या. तो मी कापला नाही, रंधला नाही, तेलही दिलं नाही. फडताळाच्या मधल्या आधाराशेजारी ठेवलाय, रेघा बाहेरच्या बाजूला, जीभ मोकळी.